प्रकाशाची वाट आणि वेळ

प्रकाशाचा वेग बदलत नाही, असं आपण शाळेत पाठ करतो. सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर आणि वर ४५८ मीटर. १९८३ पासून तर तो मोजायचाही प्रश्न उरलेला नाही, कारण मीटर म्हणजे किती, हेच आता या वेगावरून ठरतं. पुढे कधीतरी एखाद्या लेखात नाहीतर व्याख्यानात आपल्याला कळतं, की सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो. दोन्ही गोष्टी आइन्स्टाइन यांच्याच खात्यावर जमा असल्यामुळे त्यांचं आपसात जमत नसेल, अशी शंका आपण घेत नाही. घ्यायला हवी. भिंगाच्या धड्यात आपणच शिकलेलो असतो, की काचेत शिरणारा प्रकाश वळतो तो वेग घटल्यामुळे. लाटेची जी बाजू मंदावते तिकडे ती कलते. मग सूर्याजवळ वळणारा प्रकाश तिथे मंदावतो की काय?

मंदावतो. मात्र हे म्हणताना घड्याळ कुणाचं आणि मोजपट्टी कुणाची, ते सोबत सांगावं लागतं. ते न सांगता बोलत राहिल्यामुळे एक जण ‘वेग कधीच बदलत नाही’ म्हणतो, दुसरा ‘बदलतो’ म्हणतो, आणि दोघंही बरोबर असून तासभर भांडतात. वाकण्याची गोष्ट मराठी वाचकानं बहुधा ऐकलेली असते, उशिराची सहसा नसते. दोन्ही एकाच कारणाची दोन मोजमापं आहेत, आणि त्यांतलं दुसरं जास्त काही शिकवून जातं, असं माझं मत आहे. या पुस्तकाचा कल त्यामुळे तिकडे आहे.

शंका तशी जुनी. न्यूटन यांच्या ‘ऑप्टिक्स’ (१७०४) या ग्रंथाच्या अखेरीस प्रश्नांची एक मालिका आहे. पदार्थ दुरूनच प्रकाशकिरणांना वाकवत असावेत का, हा तिच्यातला पहिलाच प्रश्न. १७८३ मध्ये यॉर्कशायरमधले पाद्री जॉन मिचेल यांनी आणखी पुढचा विचार केला. प्रकाश कणांचा असेल तर ताऱ्यापासून दूर जाताना त्याचा वेग घटत असणार, आणि सूर्याच्याच घनतेचा पण व्यासानं पाचशेपट तारा असेल तर त्याचा प्रकाश बाहेर निसटणारच नाही, असा हिशेब त्यांनी मांडला. १८०१ मध्ये योहान फॉन सोल्डनर या जर्मन खगोलशास्त्रज्ञांनी सूर्याला घासून जाणारा किरण किती वळेल ते काढलं: ०.८४ विकला. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुन्हा भेटणार आहे.

मिचेल यांचा घटत्या वेगाचा अंदाज मात्र टिकला नाही. वर चढणारा प्रकाश मंदावत नाही, त्याची कंपनसंख्या घटते. हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात हा फरक १९५९-६० मध्ये मोजला. दशांशचिन्हानंतर चौदा शून्यं लिहिल्यावर पहिला आकडा येतो, एवढा तो लहान.

आइन्स्टाइन या प्रश्नाकडे आले ते १९०७ मध्ये, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीला असताना. बंद खोलीतल्या माणसाला आपण पृथ्वीवर उभे आहोत की आपली खोली अवकाशात वाढत्या वेगानं वर ओढली जात आहे, हे ओळखता येणार नाही, ही त्यांची सुरुवात. वर ओढल्या जाणाऱ्या खोलीत एका भिंतीतून आत आलेला किरण समोरच्या भिंतीवर किंचित खाली पोचेल, कारण तो खोली ओलांडेपर्यंत खोली वर सरकलेली असेल. दोन परिस्थितींत भेद करता येत नसेल तर पृथ्वीवरही किरण खाली वळला पाहिजे. १९११ मध्ये प्राग इथे असताना त्यांनी याचं गणित तपशिलात मांडलं. प्रकाश गुरुत्वाकर्षणात किती खोलवर आहे त्यानुसार त्याचा वेग बदलतो, हे त्या निबंधात सरळ सूत्र म्हणून लिहिलेलं आहे. स्थिर वेगाचं तत्त्व १९०५ मध्ये मांडणारा माणूस सहाच वर्षांनी त्याची हद्द आखून देत होता, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिलं तेवढं आलं, दुसरं आलं नाही. सूर्याजवळचं वळण त्यांनी काढलं ते ०.८३ विकला. सोल्डनर यांच्याइतकंच जवळजवळ.

नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धान्त पुरा झाला तेव्हा हे उत्तर दुप्पट झालं: १.७ विकला, आजच्या आकड्यांनी १.७५. अडीच किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तेवढा हा कोन.

दुप्पट का झालं, हे समजून घेणं म्हणजे अर्धा विषय समजणं. खोलीचा दाखला फक्त काळाबद्दल बोलतो. सूर्याजवळचं घड्याळ दूरच्या घड्याळापेक्षा सावकाश चालतं, साधारण दहा लाखांत दोन भाग, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाशी ठेवलेलं घड्याळ वर्षाकाठी सदुसष्टेक सेकंद मागे पडेल. वळणाचा पहिला निम्मा भाग या मंद काळातून येतो. पण खोली लहान आहे; तिच्यात अवकाशाचा आकार कळत नाही. सूर्याभोवती दोन वर्तुळं आखा, एक आत आणि एक बाहेर, आणि दोन्हींचे परीघ मोजा. शाळेतल्या भूमितीनं त्यांवरून दोन वर्तुळांमधलं जे अंतर निघेल, त्याहून प्रत्यक्षात मोजलेलं अंतर किंचित जास्त भरतं. सूर्याजवळ जागा कागदावरच्या हिशेबापेक्षा जास्त आहे. किती जास्त? पुन्हा सूर्याच्या काठाशी दहा लाखांत दोनच भाग. वळणाचा दुसरा निम्मा भाग हा.

पृथ्वीसारख्या सावकाश फिरणाऱ्या गोष्टीला या जादा जागेचा जवळजवळ पत्ताही लागत नाही. तिची कक्षा काळाच्या मंदपणानंच ठरते, म्हणून न्यूटन यांचं गणित तिला दोनशे वर्षं पुरलं. प्रकाशाला मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच जाणवतात. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्यातला वाद प्रकाशापाशी नेमका दोनपटीचा होतो, तो यामुळे.

ग्रहणांच्या मोहिमांची गोष्ट मी थोडक्यात उरकली आहे, कारण ती इतरांनी रंगवून सांगितली आहे. १९१२ मध्ये ब्राझीलमध्ये पावसानं घात केला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनचे एर्विन फ्रॉइंडलिश क्रिमियात दुर्बिणी घेऊन गेले, आणि ग्रहणाआधीच महायुद्ध सुरू होऊन रशियनांच्या कैदेत पडले. यातली एखादी मोहीम यशस्वी झाली असती तर आइन्स्टाइन यांचं तेव्हाचं भाकीत निम्म्यानं चुकलेलं दिसलं असतं. त्यांच्या नशिबाची ही बाजू चरित्रकार सांगतात, पण वाचकांच्या लक्षात राहत नाही. त्याआधीची ग्रहणं तर या दृष्टीनं वायाच गेली होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून गेली तेव्हा नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर तळ देऊन होते. (हेलियमचा शोध त्यांना विजयदुर्गावर लागला, असं आपल्याकडे हौसेनं सांगितलं जातं, तो १८६८ चा, इंग्लंडमधला.) सूर्याची प्रभा कशी आहे, तिच्यात कोणती मूलद्रव्यं आहेत, हे त्यांना पाहायचं होतं. आजूबाजूचे तारे जागचे हलले आहेत का, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडलेला नव्हता.

२९ मे १९१९ चं ग्रहण अनेक कारणांनी अपूर्व होतं. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून जास्त टिकली, आणि मुख्य म्हणजे सूर्य रोहिणीत होता. आपल्या शेतकऱ्याला मे अखेरची रोहिणी ठाऊक असते ती पहिल्या सरींसाठी. खगोलशास्त्रज्ञांना तिचं महत्त्व असं, की तिथे वृषभेतला ठळक ताऱ्यांचा गुच्छ आहे आणि सूर्याभोवती मोजायला तारे भरपूर मिळतात. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आणि त्यांचे सोबती कॉटिंगहॅम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले, क्रॉमलिन आणि डेव्हिडसन ब्राझीलमधल्या सोब्रालला. प्रिन्सिपेचं उत्तर १.६१ आलं, सोब्रालच्या चार इंची भिंगाचं १.९८, आणि तिथल्याच मोठ्या दुर्बिणीचं ०.९३. शेवटचं बाजूला ठेवण्यात आलं, कारण त्या काचांवर ताऱ्यांची चित्रं पसरट उमटली होती. एडिंग्टन यांनी गैरसोयीचा आकडा दडपला, असा आरोप पुढे झाला. मला तो पटत नाही. सोब्रालच्या काचांबाबतचा निर्णय राजज्योतिषी फ्रँक डायसन यांचा होता, आणि १९७९ मध्ये ग्रीनिच वेधशाळेनं त्याच काचा आधुनिक यंत्रावर मोजल्या तेव्हा उत्तर १.५५ निघालं. १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वलाल इथून अमेरिकनांनी १.७२ आणलं, आणि खरा निकाल तिथे लागला.

१९१९ च्या ग्रहणानंतर पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरच्या निबंधांचं इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपानं निघालं ते कलकत्त्याहून. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे भाषांतरकार अजून तिशीही न गाठलेले, आणि प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. प्रस्तावना लिहायला बसलेल्या कुणाही माणसानं ती आठवून जरा सांभाळून लिहावं.

आता उशिराकडे. सूर्याला घासून गेलेला किरण वाकला, तर लांबच्या वाटेनं गेल्यामुळे त्याला उशीर होईल, असं कुणालाही वाटेल. हिशेब करून पाहा. शुक्र सूर्याच्या पलीकडे असताना पृथ्वीवरून निघालेला किरण वाकून तिथे पोचला, तर वाकण्यानं वाट लांबते ती दोन-तीन मीटर. प्रत्यक्ष उशीर होतो तो मात्र तीस किलोमीटर जास्त चालल्याइतका. म्हणजे उशिराचं कारण वाकणं हे नाही. उलट म्हणावं लागेल: सूर्याकडची बाजू मागे पडते म्हणून किरण वाकतो.

१९१५ पासून ही गोष्ट समीकरणांत होती. एडिंग्टन यांनी सूर्याभोवतीच्या अवकाशाला काचेसारखा अपवर्तनांक देऊन वळण काढून दाखवलंही होतं. तरी उशीर मोजता येईल, हे सुचायला १९६४ उजाडलं. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेतले अर्विन शापिरो रडारचं काम करत होते. शुक्रावर रेडिओलहरी आपटवून परत आणायचं तंत्र नुकतंच हाती आलं होतं. शुक्र सूर्यामागे जात असताना हे केलं तर लहर सूर्याच्या काठानं जाईल आणि काठानंच परत येईल. जाण्यायेण्याच्या साडेअठ्ठावीस मिनिटांत सुमारे दोनशे मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाचा, फरक पडेल. रेडिओलहर हीही प्रकाशच, आणि तिला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. हेस्टॅक इथली रडार तबकडी यासाठी अधिक शक्तिशाली करून घेतली, १९६६-६७ मध्ये शुक्र आणि बुधाकडे लहरी सोडल्या, आणि १९६८ मध्ये पहिले निकाल प्रसिद्ध झाले. उशीर होता, आणि आइन्स्टाइन यांच्या गणितात जेवढा तेवढाच होता.

या प्रयोगातली खुबी अशी, की त्याला घड्याळ एकच लागतं. लहर निघाली ती पृथ्वीवरून, परत आली ती पृथ्वीवर, आणि दोन्ही क्षण एकाच घड्याळानं टिपले. दूरच्या ठिकाणची वेळ कशी जुळवायची, कोणत्या मापानं मोजायचं, या वादाला इथे जागाच उरत नाही. ‘उशीर’ म्हणायला तुलना कशाशी करायची, हा प्रश्न राहतो. त्याचं उत्तर ग्रह स्वतः देतो. शुक्र सूर्याच्या दिशेनं सरकत जातो तशी जास्तीची वेळ आठवड्यामागून आठवडे वाढत जाते, युतीच्या दिवशी एकदम टोक गाठते आणि उतरते. ग्रहाच्या कक्षेत असं टोक आणण्यासारखं दुसरं काही नसतं.

तरीही सूर्याजवळ एखादी प्रयोगशाळा नेऊन तिथल्या तिथे प्रकाशाचा वेग मोजला तर तो तोच येईल, २,९९,७९२ किलोमीटर आणि वर ४५८ मीटर. उशीर झाला खरा, पण वाटेत कुठेही थांबवून विचारलं तर प्रकाश मंद सापडत नाही. हे ऐकून चिडणारे वाचक मला आवडतात, कारण त्यांना मुद्दा कळलेला असतो. प्रयोगशाळेतलं घड्याळ सावकाश चालतं आहे आणि तिथली जागा जास्त आहे, हे तिथल्या माणसाला कळत नाही. तो आपल्याच घड्याळानं आणि आपल्याच मोजपट्टीनं मोजतो, आणि सगळं जमतं. दुरून हिशेब ठेवणाऱ्याला मात्र दोन्ही गोष्टी वजा कराव्या लागतात: दहा लाखांत दोन भाग काळाचे, दोन भाग जागेचे. चार भाग म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वा किलोमीटर. दूरच्या वहीत सूर्याच्या काठाशी प्रकाश एवढा मंद लिहिला जातो. वळणातले दोन निम्मे भाग तेच, उशिरातलेही तेच. जागेचा निम्मा भाग किती, हे सांगणारा एक आकडा शास्त्रज्ञ ग्रीक अक्षर गॅमानं लिहितात. न्यूटनच्या पद्धतीत तो शून्य, आइन्स्टाइनच्या पद्धतीत बरोबर एक. वळण मोजा किंवा उशीर मोजा, हाती लागतो तो हाच आकडा.

उशिरानं तो जास्त नेमका दिला. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी हजारात एक-दोन भागांपर्यंत. २००२ मध्ये शनीकडे निघालेलं कॅसिनी यान सूर्यामागून जात होतं तेव्हा इटालियन शास्त्रज्ञांनी, उशीर ज्या गतीनं बदलत होता ती मोजून, लाखात दोनेक भागांपर्यंत. सूर्याच्या प्रभेतला विद्युतभारित वायूही रेडिओलहरींना अडवतो, आणि रडारवाल्यांची मोठी डोकेदुखी तीच होती. पण तो वेगवेगळ्या कंपनसंख्यांना वेगवेगळा अडवतो. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच वागवतं. कॅसिनीवर एकाहून अधिक कंपनसंख्यांच्या लहरी वापरून वायूचा भाग वेगळा काढता आला. गॅमा एकच निघाला.

एकदा परीक्षा झाली की हत्यार वापरायला मोकळं. २०१० मध्ये एका स्पंदकाचे, म्हणजे फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याचे, ठोके त्याच्या जोडीदार श्वेत बटूच्या मागून येताना किती रेंगाळतात ते मोजून त्यांची वजनं काढली, आणि स्पंदक सूर्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. न्यूट्रॉन तारा इतका जड असू शकतो, हे त्यामुळे पक्कं झालं. नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. तिथे स्पंदकांच्या वेळा नोंदणाऱ्या भारतीय गटालाही सूर्यानं लावलेला हा उशीर आधी वजा करावा लागतो, मगच गुरुत्वीय लहरींच्या शोधाचं काम सुरू होतं.

महाराष्ट्राचं या विषयाशी नातं त्याहून जुनं आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजला शिकून बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी सापेक्षतेचा अभ्यास रुजवला. त्यांचे विद्यार्थी प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं उत्तर काढलं, ते आज जगभर त्यांच्या नावानं ओळखलं जातं. जयंत नारळीकरांची पहिली मराठी विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. १९७४ मध्ये ती त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. या पुस्तकात मी वापरलेले बरेचसे पारिभाषिक शब्द मराठी वाचकाच्या कानाला सरावलेले आहेत, त्याचं श्रेय त्यांच्या लेखनाला जातं.

दीर्घिकांच्या अंतरांवर हाच उशीर दिवसांत आणि वर्षांत मोजावा लागतो. १९७९ मध्ये सप्तर्षींच्या परिसरात सहा विकला अंतरावर दोन क्वेसार सापडले, आणि त्यांचे वर्णपट इतके सारखे निघाले, की तो एकच क्वेसार मधल्या दीर्घिकेमुळे दोनदा दिसतो आहे हे मान्य करावं लागलं. एका प्रतिमेत चमक वाढली की दुसरीत ती ४१७ दिवसांनी वाढते. हा आकडा सहज ठरला नाही. चारशे पंधराच्या आसपास म्हणणारे आणि पाचशेच्या पुढे म्हणणारे असे दोन पक्ष कैक वर्षं झगडत होते, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर निकाल लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि कंदस्वामी सुब्रमणियन यांनी या गुरुत्वीय भिंगांची गणितं अगदी सुरुवातीच्या काळात, १९८० च्या दशकात मांडली. आपल्याकडच्या सामान्य वाचकापर्यंत ते काम हवं तसं पोचलेलं नाही.

सूर्यापाशी क्षुल्लक असलेली लांबलेली वाट इथे क्षुल्लक राहत नाही. अंतरंच इतकी आहेत की वाटेचा उशीर आणि गुरुत्वाकर्षणाचा उशीर तोडीस तोड होतात. आणि अंतरं किती, हे विश्व किती वेगानं प्रसरण पावतं यावर अवलंबून. म्हणून उशीर मोजला तर प्रसरणाचा वेग निघतो. हे सुचलं नॉर्वेच्या शुर रेफ्सदाल यांना, आणि तेही १९६४ मध्येच. शापिरो सूर्यमालेत उशीर शोधत होते तेव्हा रेफ्सदाल दुप्पट दिसणाऱ्या अतिनव ताऱ्याचा विचार करत होते, जो तोवर कुणी पाहिलेला नव्हता. २०१४ मध्ये हबल दुर्बिणीला एकाच स्फोटाच्या चार प्रतिमा सापडल्या. मधल्या दीर्घिकासमूहाच्या दुसऱ्या बाजूनं येणारी आणखी एक प्रतिमा अजून वाटेत असली पाहिजे, असं खगोलशास्त्रज्ञांच्या अनेक गटांनी आधीच जाहीर केलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती सांगितल्या जागी उगवली. त्या ताऱ्याला रेफ्सदाल यांचंच नाव दिलं आहे.

काय गाळलं, तेही सांगतो. जीपीएसचं उदाहरण नाही. ते सगळीकडे असतं, आणि त्यात प्रश्न मुख्यतः घड्याळांचा आहे, प्रकाशाच्या वाटेचा थोडा. कृष्णविवराच्या छायाचित्रावर एकच प्रकरण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचे चार-चार किलोमीटरचे बाहू उभे राहायचे आहेत. त्यांतल्या लेसरचं गणित स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे, म्हणून ते इथे घेतलं नाही. समीकरणं परिशिष्टात आहेत आणि बारावीचं गणित झालेल्याला पेलतील अशी आहेत. ज्याला घाई असेल त्यानं ग्रहणांची दोन प्रकरणं ओलांडून सरळ रडारच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. जागा आणि काळ यांचे दोन निम्मे भाग मात्र कागद-पेन्सिल घेऊन एकदा स्वतः जुळवून पाहावेत; त्याशिवाय भिंगांच्या प्रकरणातलं दुसरं पान अडेल.